विंडोजच्या नेटवर्किंगबद्दलच्या चुकीच्या बातम्या : दावा काय, वस्तुस्थिती काय, आणि स्वतः कसं तपासायचं

तारयंत्र

विंडोज तुमच्या इंटरनेटचा २० टक्के वेग स्वतःसाठी राखून ठेवते, हा दावा एक्सपीच्या काळात पसरला. 'लपवलेलं सेटिंग' अशा मथळ्याखाली तो आजही नव्याने छापला जातो. नेटवर्किंगवरच्या अशा बहुतेक बातम्यांत एकच गोष्ट घडलेली दिसते. मूळ तांत्रिक टिपणात 'जर', 'तेव्हाच', 'अमुक आवृत्तीतच' असे शब्द असतात. बातमी होताना ते गळतात आणि अटीचं वाक्य बिनशर्त होऊन वाचकापर्यंत पोचतं. मग वाचक रजिस्ट्रीत हात घालतो, सुरक्षेची सोय बंद करतो, आणि मूळ अडचण तशीच राहते.

इथे असे दावे एकेक करून घेऊ. विनंती एवढीच की यंत्रणा प्रत्यक्षात कशी चालते आणि वाचकाला ते स्वतःच्या मशीनवर कसं पडताळता येईल, हे दोन्ही लिहावं. कमांडा उच्चाराप्रमाणे लिहू, टंकताना अर्थातच रोमन लिपीत.

आधी ते २० टक्के. हा दावा विंडोजमधल्या क्यूओएस (कोणत्या डेटाला किती प्राधान्य, हे ठरवणारी सोय) पॅकेट शेड्युलरबद्दल आहे. त्याचं काम म्हणजे मशीनमधून बाहेर जाणाऱ्या पॅकेटांची रांग लावणं. एखादा प्रोग्रॅम क्यूओएसच्या एपीआयमार्फत 'मला इतकी बँडविड्थ हवी' अशी रीतसर मागणी करू शकतो. अशा सगळ्या मागण्यांची बेरीज कुठवर जाऊ द्यायची, याची कमाल मर्यादा एक्सपीत २० टक्के होती. कोणी मागणी केलीच नाही तर राखीव काहीच नसतं, पूर्ण १०० टक्के सर्वांना खुलं असतं. मागणी करणाऱ्याने पुरेसा डेटा पाठवला नाही, तर त्याच्या वाट्यातला न वापरलेला भागही इतरांना मिळतो. मायक्रोसॉफ्टने नॉलेज बेसमधल्या ३१६६६६ क्रमांकाच्या लेखात हे स्वच्छ लिहिलं होतं.

पडताळायचं असेल तर प्रो आवृत्तीत 'जीपीएडिट डॉट एमएससी' उघडा. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, नेटवर्क, क्यूओएस पॅकेट शेड्युलर, आणि तिथे 'लिमिट रिझर्व्हेबल बँडविड्थ'. त्याच्या शेजारचा खुलासा वाचा. अलीकडच्या विंडोजमध्ये तिथे मूळ मर्यादा ८० टक्के लिहिलेली आहे. बातमीतला अर्थ खरा असता तर आज प्रत्येक विंडोज मशीनवर फक्त २० टक्के वेग उरला असता. या एका आकड्याने तो दावा कोसळतो.

आणखी एक. हा शेड्युलर बाहेर जाणाऱ्या पॅकेटांवर चालतो. 'डाउनलोडचा वेग वाढवा' म्हणून हे सेटिंग सुचवणाऱ्या लेखाने दिशासुद्धा तपासलेली नसते.

रेवा_नि

धागा उपयोगाचा आहे. पण एक शंका. अशा लेखांखाली दहा लोक तरी लिहितात की मर्यादा शून्य केल्यावर वेग खरंच वाढला. सगळेच खोटं बोलत असतील असं वाटत नाही. मग त्यांना नक्की काय दिसतं?

शून्यएक

रेवा, ते खोटं बोलत नाहीत, मोजतात चुकीचं. बदल केल्यावर मशीन रीस्टार्ट होतं. मागे चाललेले अपडेट, क्लाउडची जुळवाजुळव, ब्राउझरचे उघडे टॅब हे सगळं थांबतं. त्यानंतर पहिली स्पीड टेस्ट चांगली येते. शिवाय इंटरनेट स्पीड टेस्टमध्ये वायफाय, राउटर, सेवादात्याची लाइन आणि पलीकडचा सर्व्हर असे चार बदलते घटक असतात. ऑपरेटिंग सिस्टिमचं एक सेटिंग त्यातून वेगळं काढता येत नाही.

नीट मोजायचं तर इंटरनेट बाजूला ठेवा. दोन मशीन केबलने एकाच स्विचला जोडा. एकावर आयपर्फ-३ (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) सर्व्हर म्हणून चालवा (डॅश एस), दुसऱ्यावरून डॅश सी आणि पहिल्याचा आयपी पत्ता द्या. कालावधी ३० सेकंद ठेवा, तीनदा चालवा. मग डॅश आर लावून उलट दिशेने पुन्हा. गिगाबिट इथरनेटवर, १५०० बाइटच्या एमटीयूला (एका पॅकेटचा कमाल आकार), टीसीपीचा आकडा ९४० ते ९५० मेगाबिट प्रति सेकंद येतो. उरलेला फरक इथरनेट, आयपी आणि टीसीपीच्या हेडरांत जातो. मर्यादा बदलून तोच आकडा येतो की नाही ते बघा.

१० गिगाबिट किंवा वर मोजत असाल तर सावध राहा. आयपर्फ-३ हे ३.१६ च्या आधीच्या आवृत्त्यांत एकाच थ्रेडवर (प्रोग्रॅममधल्या कामाच्या एकाच धाग्यावर) चालायचं, त्यामुळे आधी प्रोसेसरचा एक कोअर दमतो आणि नेटवर्कला दोष लागतो. विंडोजवर वरच्या वेगासाठी मायक्रोसॉफ्टचं एनटीटीटीसीपी जास्त भरवशाचं. 'विंडोजचं नेटवर्क लिनक्सपेक्षा इतकं हळू' अशी तुलना छापून येते तेव्हा कोणतं साधन, कोणती आवृत्ती, किती थ्रेड, हे दिलेलं नसेल तर तो आकडा वाचून सोडून द्यावा.

गवाक्ष

व्हिस्टाचं प्रकरण इथे यायलाच हवं, कारण त्यात तक्रार खरी होती आणि कारण मात्र चुकीचं छापलं गेलं.

२००७ साली लोकांना दिसलं की व्हिस्टावर गाणं लावलं की नेटवर्कवरून फाइल कॉपी करण्याचा वेग कोसळतो. अनेक ठिकाणी छापून आलं की हा डीआरएमचा परिणाम आहे, म्हणजे गाण्यांच्या कॉपीसंरक्षणासाठी मशीन अडवून धरलं जातंय. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मार्क रसिनोविच यांनी यंत्रणा उलगडून लिहिली. आलेलं पॅकेट हाताळणारं ड्रायव्हरचं काम (डीपीसी) कोणत्याही सामान्य थ्रेडच्या वर चालतं. पॅकेटांचा लोंढा आला की ऑडिओच्या थ्रेडला वेळेवर पाळी मिळत नाही आणि आवाज तुटतो. तो तुटू नये म्हणून मल्टिमीडिया क्लास शेड्युलर सर्व्हिस, आवाज चालू असताना, नेटवर्कच्या थराला सांगायची की दर मिलिसेकंदाला १० पेक्षा जास्त पॅकेटं वर पाठवू नकोस.

आता हिशोब करा. सेकंदाला १०,००० पॅकेटं, प्रत्येकी सुमारे १,५०० बाइट, म्हणजे साधारण १५ मेगाबाइट प्रति सेकंद. १०० मेगाबिटच्या जाळ्याची क्षमताच १२ मेगाबाइटच्या आसपास असते, तिथे ही मर्यादा जाणवणारच नाही. गिगाबिटवर मात्र ती ठळक दिसते. त्यात भर म्हणजे एकाहून अधिक नेटवर्क कार्ड असलेल्या मशीनवर एका बगमुळे मर्यादा आणखी खाली जायची, आणि लॅपटॉपवर केबल व वायफाय अशी दोन कार्डं असतातच. 'व्हिस्टात नेट निम्मं होतं' असं सरसकट लिहिणाऱ्यांनी यातली एकही अट दिली नव्हती.

याचा अवशेष अजून फिरतो. गेमिंगच्या लेखांत 'नेटवर्कथ्रॉटलिंगइंडेक्स' नावाची रजिस्ट्री नोंद हेक्समधले आठ एफ करायला सांगतात, ती याच यंत्रणेची. तिची मूळ किंमत १०. गेमची पॅकेटं सेकंदाला दहा हजारांच्या जवळपासही जात नाहीत, तेव्हा तिथे ही मर्यादा आड येण्याचा प्रश्नच नाही.

दुवा

एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ची बातमीही याच जातीची. ऑगस्ट २००४. 'आता एकावेळी फक्त १० कनेक्शन' असं छापून आलं. प्रत्यक्षात मर्यादा चालू कनेक्शनांवर नव्हतीच. बाहेर केलेले पण समोरून उत्तर न आलेले, म्हणजे अर्धवट उघडे टीसीपी प्रयत्न एकावेळी १०, एवढंच होतं. अकरावा प्रयत्न फेकला जात नसे, रांगेत थांबे. जोडणी पूर्ण झाली की ती या मोजणीतून बाहेर. ब्लास्टर, सॅसरसारखे वर्म (स्वतःहून पसरणारे घातक प्रोग्रॅम) हजारो पत्ते धडाधड चाचपायचे, त्यांचा वेग मोडणं हा हेतू होता. मर्यादा गाठली की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४२२६ क्रमांकाची नोंद पडायची. ती नोंद नसेल तर या मर्यादेचा तुमच्या मशीनवर परिणाम झालेलाच नाही, इतकं सोपं पडताळणं होतं.

त्यावर उपाय म्हणून लेखांनी टीसीपीआयपी डॉट सिस ही फाइल बदललेली उतरवून घ्यायला सांगितली. कर्नलमध्ये चालणारी नेटवर्कची मूळ फाइल, अनोळखी माणसाकडून! टॉरंटचा वेग कमी असण्याचं खरं कारण बहुधा राउटरवर पोर्ट न उघडणं किंवा अपलोडची मर्यादा हे असायचं. व्हिस्टा सर्व्हिस पॅक २ आणि विंडोज ७ पासून ही मर्यादा मुळातच बंद ठेवली गेली.

दुसऱ्याच एका आकड्याशी याची गल्लत व्हायची. एक्सपी प्रोमध्ये फाइल व प्रिंटर शेअरिंगसाठी आत येणारी जोडणी एकावेळी १०, होममध्ये ५. ती परवान्याची मर्यादा, ही सुरक्षेची. आकडा सारखा म्हणून बातमीत दोन्हींची सरमिसळ.

बिनतारी

२०१५ च्या वायफाय सेन्सबद्दल लिहितो, म्हणजे वायफायची जोडणी आपल्या संपर्कांना वाटण्याची विंडोज १० मधली सोय. मथळा होता, 'विंडोज १० तुमचा वायफाय पासवर्ड सगळ्या फेसबुक मित्रांना वाटते'.

प्रत्यक्षात प्रत्येक नेटवर्कसाठी शेअर करायचं की नाही हे वेगळं निवडावं लागायचं. फेसबुकसाठी त्याहून वेगळी परवानगी द्यावी लागायची. उरलेले दोन गट आउटलुक डॉट कॉम आणि स्काइपचे संपर्क. पासवर्ड एन्क्रिप्ट होऊन मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर जायचा, संपर्कातल्या माणसाला तो दिसायचा नाही. त्याला फक्त इंटरनेट मिळायचं, घरच्या जाळ्यातली इतर मशीन आणि फाइल नाहीत. मित्राच्या मित्रापर्यंत तो जात नसे. कचेऱ्यांत वापरतात ती ८०२.१एक्स पद्धतीची नेटवर्कं शेअरच करता येत नसत. आपलं नेटवर्क कायमचं वगळायचं तर नावाच्या शेवटी अंडरस्कोर आणि 'ऑप्टआउट' जोडायचं.

शेअरिंगचा हा भाग ऑगस्ट २०१६ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटमध्ये काढूनही टाकला गेला. आजही कोणी तो बंद करण्याच्या पायऱ्या छापत असेल, तर तो मेनू अस्तित्वातच नाही.

सेतू

@बिनतारी, तपशील बरोबर, पण तोल थोडा सावरायला हवा. एक्स्प्रेस सेटिंग निवडलं की वायफाय सेन्स चालूच यायचा. शेअर करण्याची खूण एका टिचकीची होती आणि पाहुण्याने तुमचा पासवर्ड टाकताना ती केली, तर ती तुमच्या संमतीशिवाय व्हायची. वगळण्यासाठी नेटवर्कचं नाव बदलणं म्हणजे घरातलं प्रत्येक उपकरण पुन्हा जोडणं. बातमीतली काळजी योग्य होती, यंत्रणेचं वर्णन चुकीचं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्या नाहीत तर आपणही तीच चूक करू.

याच काळातलं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन घ्या. 'विंडोज तुमच्या इंटरनेटवरून इतरांना अपडेट पाठवते' ही बातमी खरी होती. होम आणि प्रोमध्ये सुरुवातीचं सेटिंग स्थानिक जाळं अधिक इंटरनेट असंच होतं, एंटरप्राइज आणि एज्युकेशनमध्ये फक्त स्थानिक जाळं. मर्यादित डेटाच्या लोकांना याचा खरा फटका बसू शकत होता. बातमीत गाळलेली गोष्ट ही की कनेक्शन 'मीटर्ड' म्हणून नोंदवलेलं असेल तर पाठवणं होत नाही, आणि पाठवले जातात ते अपडेट व ॲपचे तुकडे, तुमच्या फाइल नव्हेत.

विंडोज ११ मध्ये तपासण्यासाठी सेटिंग्ज, विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन. तिथल्या ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये या महिन्यात इंटरनेटवरच्या मशीनना किती आणि जाळ्यातल्यांना किती पाठवलं ते वेगवेगळं दिसतं. फायरवॉलमध्ये बघायचं तर टीसीपी ७६८०. दोनतीन मशीन एकाच घरात असतील तर 'फक्त स्थानिक जाळं' हा पर्याय ठेवावा. अपडेट एकदाच उतरतं आणि बाकीची मशीन आपसांत घेतात. बंदच करून टाका असं सरसकट सांगणारे लेख या घरांचा डेटा उलट जास्त खर्ची घालतात.

तारयंत्र

सेतू, मुद्दा पटला. प्रत्येक दाव्यात खरा भाग कोणता हेही लिहीत जाऊ.

मे २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसची नोंद करून ठेवतो, कारण तिथे चुकीच्या बातमीचं नुकसान मोठं होतं. पहिल्या काही दिवसांत सर्वत्र छापलं की तो ईमेलच्या जोडपत्रातून पसरतो आणि मुख्यतः जुन्या एक्सपीवर. नंतरच्या विश्लेषणात ईमेलचा पुरावा मिळाला नाही. तो एसएमबी या विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या प्रोटोकॉलच्या पहिल्या आवृत्तीतल्या छिद्रातून, टीसीपी ४४५ वरून, माणसाने काहीही न उघडता एका मशीनवरून दुसऱ्यावर जात होता. कॅस्परस्कीच्या मोजणीत बाधित मशीनपैकी सुमारे ९८ टक्के विंडोज ७ ची होती. त्यासाठीचं एमएस१७-०१० हे अपडेट १४ मार्च २०१७ लाच आलेलं होतं. 'ईमेल उघडू नका' एवढाच सल्ला वाचून थांबलेल्या कचेऱ्यांनी ४४५ उघडंच ठेवलं.

आज तपासायचं तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पॉवरशेल उघडा. 'गेट-विंडोजऑप्शनलफीचर', डॅश ऑनलाइन, डॅश फीचरनेम 'एसएमबी१प्रोटोकॉल'. स्थिती 'डिसेबल्ड' हवी. शेअर उघडलेलं असताना 'गेट-एसएमबीकनेक्शन' दिलं की डायलेक्टच्या रकान्यात ३.१.१ असा आकडा दिसतो. तिथे १ ने सुरू होणारा आकडा असेल तर पलीकडचं उपकरण बदलण्याची वेळ झालेली आहे.

मृद्गंध

याच्याशी जोडून प्रश्न. 'विंडोजने फाइल शेअरिंग काढून टाकलं' असं २०१८ मध्ये छापलं होतं आणि २०२४ च्या अपडेटनंतर पुन्हा 'विंडोज ११ ने नॅस (जाळ्याला जोडलेली फाइल साठवण्याची पेटी) बंद पाडले' असं वाचलं. दोन्ही एकच का? नेटवर्कच्या फोल्डरमध्ये नॅस दिसत नाही ही तक्रार मात्र बरेचजण करतात.

दुवा

तीन वेगळ्या गोष्टी आहेत, मृद्गंध. एकत्र केल्या की उपाय चुकतो.

पहिली, विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीत (एप्रिल २०१८) काढलं ते होमग्रुप. ती फक्त शेअरिंग सोपं करणारी वरची सोय होती. खालचं एसएमबी शेअरिंग जसंच्या तसं आहे.

दुसरी, त्याआधी १७०९ मध्ये (ऑक्टोबर २०१७) एसएमबी-१ नव्या मशीनवर मुळातून बसवणं बंद झालं. नेटवर्क फोल्डरमधली जुनी 'कॉम्प्युटर ब्राउझर' यादी त्यावरच अवलंबून होती, म्हणून मशीन दिसेनाशी झाली. दिसत नाही याचा अर्थ पोचत नाही असा नव्हे. एक्सप्लोररच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश आणि नॅसचं नाव किंवा आयपी टाइप करून बघा. उघडलं तर शेअरिंग ठीक आहे, प्रश्न फक्त शोधण्याचा आहे. नवी यादी डब्ल्यूएस-डिस्कव्हरी या जाळ्यातली उपकरणं शोधण्याच्या पद्धतीवर चालते, यूडीपी ३७०२. त्यासाठी नेटवर्कचं प्रोफाइल 'प्रायव्हेट' करा, नेटवर्क डिस्कव्हरी चालू करा, आणि सर्व्हिसेसमध्ये 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ऑटोमॅटिकवर ठेवा. पलीकडे सांबा (लिनक्स व बऱ्याच नॅसवरचा एसएमबी सर्व्हर) असेल तर त्याला डब्ल्यूएस-डिस्कव्हरी स्वतःहून येत नाही, डब्ल्यूएसडीडी नावाची वेगळी सेवा बसवावी लागते. यादीत दिसावं म्हणून एसएमबी-१ पुन्हा चालू करायला सांगणारे लेख अजून सापडतात. ते अजिबात करू नये.

तिसरी, २४एच२, म्हणजे विंडोज ११ चं २०२४ चं ते अपडेट. इथे प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशनमध्ये एसएमबी साइनिंग (प्रत्येक संदेशावर, तो वाटेत बदललेला नाही हे दाखवणारी डिजिटल सही) सक्तीचं झालं, आणि पासवर्डाविना 'गेस्ट' म्हणून शिरणं प्रोमध्येही बंद झालं. साइनिंगची किल्ली लॉगिनच्या पासवर्डातून तयार होते. गेस्टला पासवर्डच नाही, म्हणून किल्ली नाही, म्हणून सही होऊच शकत नाही. दोन्ही अटी एकत्र आल्यावर गेस्ट शेअर बंद पडणं अटळ होतं. नॅस 'बंद पाडले' असं म्हणणं चूक; पासवर्डाविना उघडे ठेवलेले आणि साइनिंग न येणारे शेअर नाकारले जाऊ लागले.

'क्रिप्टोग्राफिक सिग्नेचर इज इनव्हॅलिड' असा संदेश आला तर नॅसच्या सेटिंगमध्ये एसएमबी साइनिंग चालू करा. गेस्टबद्दल, संस्थेच्या सुरक्षा धोरणाने अडवलं असा संदेश आला तर नॅसवर एक वापरकर्ता आणि पासवर्ड बनवा, शेअरवर त्याला हक्क द्या, आणि विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये तो साठवा. घरचं मशीन असूनही 'संस्था' हा शब्द येतो, त्याने गोंधळू नका. नॅसचं फर्मवेअर फार जुनं असेल आणि दुसरा इलाज नसेल, तरच 'सेट-एसएमबीक्लायंटकॉन्फिगरेशन' डॅश रिक्वायरसिक्युरिटीसिग्नेचर फॉल्स. बातम्यांनी नेमकी हीच शेवटची ओळ पहिला उपाय म्हणून छापली, याची चीड येते. त्याने साइनिंगची सक्ती त्या एका नॅसपुरती उठत नाही, त्या मशीनच्या सगळ्या शेअर-जोडण्यांवरून उठते.

शून्यएक

आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत; जुनी ती आयपीव्ही४) बंद करा, नेट वेगवान होईल. हा सल्ला दर वर्षी येतो. त्यात रजिस्ट्रीतल्या 'डिसेबल्डकंपोनंट्स' या नोंदीत हेक्समधले आठ एफ टाकायला सांगतात. त्या किमतीने मशीन सुरू होताना ५ सेकंदांचा उशीर वाढत असे, हे मायक्रोसॉफ्टने स्वतः नोंदवलं आहे. बंदच करायचं तर किंमत हेक्स एफएफ. पण त्याचीही गरज सहसा नसते. आयपीव्ही४ ला प्राधान्य द्यायचं असेल तर हेक्स २० पुरतं. आयपीव्ही६ चालू राहतं, क्रम बदलतो. विंडोजचे काही भाग आयपीव्ही६ गृहीत धरूनच तपासलेले असतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये सीव्हीई-२०२४-३८०६३ या क्रमांकाचा सुरक्षादोष जाहीर झाला, तीव्रता १० पैकी ९.८. धोका खरा होता, खास बनवलेल्या आयपीव्ही६ पॅकेटांनी दुरून कोड चालवता येण्यासारखा. पण मथळा झाला 'आयपीव्ही६ ताबडतोब बंद करा', आणि १३ ऑगस्टलाच अपडेट आलेलं आहे ही ओळ बातमीच्या तळाला गेली. काहींनी विंडोज फायरवॉलमध्ये आयपीव्ही६ अडवायला सांगितलं. ते निरुपयोगी, कारण दोष फायरवॉलच्या आधी पॅकेट हाताळणाऱ्या भागात होता. इलाज एकच, त्या महिन्याचं किंवा नंतरचं एकत्रित अपडेट बसलेलं असणं. विन-व्हर कमांडने बिल्ड क्रमांक बघा आणि अपडेट हिस्टरीशी ताडून पाहा.

बिनतारी

डीएनएस ओव्हर एचटीटीपीएसबद्दल थोडक्यात, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता विचारण्याचा संवाद (डीएनएस) एन्क्रिप्ट करून पाठवणं. विंडोज १० च्या चाचणी बिल्डमध्ये ते २०२० मध्ये दिसलं आणि 'विंडोज १० मध्ये आलं' असं छापून मोकळे झाले. अधिकृत आधार विंडोज ११ आणि सर्व्हर २०२२ पासून. चाचणी बिल्ड म्हणजे प्रकाशित आवृत्ती नव्हे.

दुसरा दावा, 'आता सेवादात्याला काहीच दिसत नाही'. नाव शोधण्याचा संवाद झाकला जातो, इतकंच. ज्या आयपीशी जोडता तो दिसतो, आणि टीएलएस (साइटशी एन्क्रिप्टेड जोडणी) सुरू होताना साइटचं नाव बहुधा उघडंच जातं.

चालू करण्यासाठी सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, आपला अडॅप्टर, डीएनएस सर्व्हर असाइनमेंट, एडिट, मॅन्युअल. पत्ता १.१.१.१ दिला की खाली डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस 'ऑन, ऑटोमॅटिक टेम्प्लेट' निवडता येतं. साध्या मजकुरावर परतण्याचा पर्याय बंद ठेवा, नाहीतर अडचण आली की गुपचूप पोर्ट ५३ वापरलं जातं. मात्र तो बंद ठेवल्यावर लॉगिनचं पान दाखवणारे सार्वजनिक वायफाय अडकू शकतात, आणि राउटरने दिलेली घरगुती नावं सापडत नाहीत. हे सेटिंग अडॅप्टरगणिक असतं, वायफायवर केलं म्हणून केबलवर होत नाही.

खात्रीसाठी ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पीकेटीमॉन फिल्टर ॲड', डॅश पी ५३, मग 'पीकेटीमॉन स्टार्ट', डॅश सी, डॅश एम रिअल-टाइम. ब्राउझर उघडून साइट फिरा. पडद्यावर काही सरकलं नाही, तर ५३ वरून काही जात नाही.

रेवा_नि

'अपडेटने इंटरनेट तोडलं' या मथळ्याचं काय? तो तर जवळपास दर महिन्याला असतो.

सेतू

मार्च २०२० चं उदाहरण घ्या. २७ फेब्रुवारीच्या ऐच्छिक अपडेटनंतर काही मशीनवर टास्कबारमध्ये 'नो इंटरनेट' दिसू लागलं. दोष प्रॉक्सी वापरणाऱ्यांना, विशेषतः व्हीपीएनसोबत, येत होता. टीम्स, आउटलुकसारखे प्रोग्रॅम अडायचे. ३० मार्चला त्यासाठी वेगळं अपडेट आलं, केबी४५५४३६४. मायक्रोसॉफ्टने ते फक्त हा त्रास असलेल्यांनीच बसवावं असं सांगितलं होतं, बातम्यांनी सर्वांना बसवायला लावलं.

ते चिन्ह काय मोजतं हे कळलं की अर्धा गोंधळ संपतो. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून छोटी मजकूर-फाइल मागवते, आत 'मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट' एवढेच शब्द असतात. ती मिळाली नाही की चिन्ह बदलतं. जाहिराती अडवणाऱ्या डीएनएसने तो पत्ता रोखला तरी हेच दिसतं, नेट चालू असूनही. म्हणून क्रमाने बघा : आधी राउटरला पिंग, मग बाहेरच्या आयपीला पिंग, मग 'एनएसलुकअप' देऊन एखादं नाव. तिन्ही ठीक आणि तरीही चिन्ह 'नाही' म्हणत असेल, तर दोष चिन्हाच्या चाचणीत आहे.

अशा बातमीवर दुरुस्ती कळवायची असेल तर संपादकाला मोठं पत्र लिहू नका. बातमीतलं नेमकं एक वाक्य उद्धृत करा. त्याखाली बरोबर वाक्य द्या, तेवढ्याच लांबीचं, छापता येईल असं. मग विंडोजची आवृत्ती, बिल्ड, एडिशन आणि पडताळण्याची एक कमांड. कंपनीच्या अधिकृत पानाचा केबी क्रमांक. 'तुम्हाला काही कळत नाही' हा सूर असलेली पत्रं वाचली जात नाहीत. तयार दुरुस्त वाक्य असलं की उपसंपादकाला ते लगेच टाकता येतं.

मृद्गंध

@दुवा, डब्ल्यूएसडीडी आणि प्रायव्हेट प्रोफाइलचं नीट कळलं, धन्यवाद. @शून्यएक, आयपीव्ही६ बंद केल्यावर काही साइट खरंच लवकर उघडतात. ते का, तेवढं सांगा.

शून्यएक

तिथे बहुधा आयपीव्ही६ चा मार्ग कुठेतरी मोडलेला असतो. प्रोग्रॅम आधी तो वापरून पाहतो, उत्तराची वाट बघतो, मग आयपीव्ही४ कडे वळतो. ब्राउझर दोन्ही मार्ग जवळजवळ एकदम आजमावतात म्हणून तिथे कमी जाणवतं, इतर प्रोग्रॅममध्ये जास्त.

सर्वात जास्त आढळणारं कारण म्हणजे राउटरच्या फायरवॉलने आयसीएमपीव्ही६ (आयपीव्ही६ मधले अडचणी कळवणारे निरोप) सरसकट अडवणं. आयपीव्ही६ मध्ये वाटेतले राउटर पॅकेट तोडत नाहीत, 'पॅकेट टू बिग' असा निरोप परत पाठवतात. तो निरोपच अडवला तर पाठवणाऱ्याला आकार कमी करायचं कळत नाही आणि पान अर्धवट लोड होऊन लटकतं. 'पिंग' डॅश ६, डॅश एल १४५२ आणि साइटचं नाव द्या. १४५२ मध्ये ८ आणि ४० बाइटची हेडरं मिळून १५०० होतात. उत्तर आलं नाही तर १२३२ ने पुन्हा करा, म्हणजे १२८०, जो आयपीव्ही६ ला किमान चालावाच लागतो. लहान जातं आणि मोठं जात नाही असं दिसलं, तर राउटरमध्ये आयसीएमपीव्ही६ चा प्रकार २ मोकळा करा. राउटरमध्ये ती सोय नसेल तर त्याच्या राउटर ॲडव्हर्टाइजमेंटच्या सेटिंगमध्ये एमटीयू १४८० किंवा १२८० जाहीर करा, म्हणजे जाळ्यातलं प्रत्येक मशीन आपोआप लहान पॅकेटं पाठवेल आणि विंडोजमध्ये काहीच बदलावं लागणार नाही.